कोड सर्व्हरवर, एडिटर लॅपटॉपवर: प्रीप्रोसेसर सिम्बॉल नीट कसे सेट करायचे

परवा आमच्याकडे नवीन जॉईन झालेल्या एका पोराने स्क्रीन शेअर केली, म्हणाला दादा बिल्ड फुटलीये आणि मी काहीच केलं नाहीये. बघतो तर याने एका सी प्लस प्लस फाईलमधून चाळीसेक ओळी उडवल्या होत्या. का रे उडवल्यास, तर म्हणे एडिटरमध्ये ग्रे दिसत होत्या, मला वाटलं जुना पडीक कोड आहे. आता त्याला तरी काय बोलणार, एडिटरने त्याला तसंच दाखवलं होतं. त्याचा एडिटर विंडोज लॅपटॉपवर, कोड सिंक होऊन येणारा, आणि खरी बिल्ड दूरच्या लिनक्स सर्व्हरवर. त्या चाळीस ओळी एका #इफडेफच्या आत होत्या, तो सिम्बॉल सर्व्हरवर चालू होता आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताच नव्हता.

घरून काम करताना, किंवा कंपनीच्या सर्व्हरवर एसएसएच करून (म्हणजे टर्मिनलमधून दूरच्या मशीनमध्ये शिरून) काम करताना हे सगळ्यांचं होतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. उदाहरणं सी आणि सी प्लस प्लसची, सर्व्हर लिनक्सचा, एडिटर व्हीएस कोड, कारण आजूबाजूला बहुतेक जण तोच वापरताना दिसतात. कमांड देवनागरीत लिहिल्यात, फोनवर एकमेकांना सांगतो ना तशा, टाईप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि कॅपिटल-स्मॉल जिथे महत्त्वाचं आहे तिथे सांगतो.

आधी सिम्बॉल म्हणजे काय ते

कंपायलर कोड वाचायच्या आधी प्रीप्रोसेसर त्यावरून एक हात फिरवतो. #इन्क्लूड दिसलं की ती फाईल तिथे ओततो, #डिफाईन केलेला शब्द दिसला की त्याच्या जागी दुसरा मजकूर ठेवतो, #इफडेफ दिसलं की तो शब्द डिफाईन आहे का बघतो आणि मधल्या ओळी ठेवतो नाहीतर फेकून देतो. भाजी निवडून देणाऱ्या माणसासारखं काम आहे, पुढे रस्सा होणार की सुकी याच्याशी त्याला देणंघेणं नाही, टाईप, क्लास, फंक्शन यातलं त्याला काहीही कळत नाही. मुळात हा प्रकार सी भाषेत १९७२-७३ च्या सुमारास आला, डेनिस रिचीने स्वतः लिहून ठेवलंय की ॲलन स्नायडरच्या आग्रहाचा त्यात भाग होता, आणि सुरुवातीला त्यात फक्त फाईल आत घेणं आणि साधी शब्दाला शब्द अदलाबदल एवढंच होतं. #इफ वगैरे मागाहून.

सिम्बॉल तीन ठिकाणांहून येतात. कोडमध्ये कोणीतरी #डिफाईन लिहिलेलं असतं, बिल्डच्या कमांडमध्ये -डी (कॅपिटल) लावून दिलेलं असतं, आणि तिसरे म्हणजे कंपायलर स्वतःच मनाने डिफाईन करतो ते. नवीन माणसाला पहिले दोन दिसतात, तिसरे दिसतच नाहीत, आणि रिमोट कामात घोळ बहुतेक त्या तिसऱ्यांचाच असतो, कारण लॅपटॉपवरचा कंपायलर वेगळा आणि सर्व्हरवरचा वेगळा.

आणखी एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करा. समजा आपल्या सिम्बॉलचं नाव मीटर_लॉग. -डी मीटर_लॉग असं नुसतं दिलं की त्याची किंमत १ होते. आता कोणी बंद करायचं म्हणून -डी मीटर_लॉग=० असं दिलं, आणि कोडमध्ये #इफडेफ मीटर_लॉग असेल, तर तो भाग चालूच राहतो! कारण #इफडेफ फक्त डिफाईन आहे का एवढंच विचारतो, किंमत बघत नाही. किंमत बघायची तर #इफ. आणि #इफची उलटी खोड अशी की सिम्बॉल अजिबात डिफाईन नसेल तर तो गुपचूप ० धरतो, म्हणजे तुम्ही मीटर_लॉगच्या जागी मिटर_लॉग टाईप केलंत तरी कोणी ओरडणार नाही, कोड शांतपणे गायब. यावर उपाय आहे, -डब्ल्यू लावून अनडेफ हा वॉर्निंगचा पर्याय चालू ठेवा (डब्ल्यू कॅपिटल, अनडेफ सगळं स्मॉल, मध्ये जागा नाही), डिफाईन नसलेला शब्द #इफमध्ये आला की कंपायलर सांगतो. नवीन प्रोजेक्टमध्ये मी हा पहिल्या दिवशी लावतो, जुन्यात लावला तर वॉर्निंगचा पाऊस पडतो, तेव्हा जपून.

पायरी १: सर्व्हरवरच्या कंपायलरला विचारा

एडिटरच्या सेटिंगला हात लावायच्या आधी हे करा. एसएसएचने सर्व्हरवर जा आणि टाईप करा: इको, पाईप (उभी रेघ), जीसीसी (लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर), मग -डीएम (डी स्मॉल, एम कॅपिटल), -ई (कॅपिटल), आणि शेवटी नुसता एक मायनस. कंपायलर स्वतःहून डिफाईन करतो ते सगळे सिम्बॉल समोर येतात, काहीशे ओळी असतात, घाबरू नका, ग्रेप (शोधायची कमांड) लावून हवं ते शोधा. सी प्लस प्लसचे बघायचे तर त्यात -एक्स (स्मॉल) आणि सी++ असं वाढवा, दोन्ही याद्या सारख्या नसतात.

यात काय बघायचं? लिनक्स हा शब्द, पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोर लावून, असायला हवा. मग मशीनचा प्रकार, इंटेल-एएमडी असेल तर एक्स८६_६४, एआरएम असेल तर एआर्च६४. हल्ली क्लाउडवर एआरएमचे सर्व्हर स्वस्तात मिळतात त्यामुळे तुम्हाला न सांगता कोणीतरी सर्व्हर बदललेला असू शकतो, आणि एआरएम लिनक्सवर नुसता कॅर हा टाईप अनसाईन्ड असतो, इंटेलवर साईन्ड. गेटकॅरचं उत्तर इंट ऐवजी कॅरमध्ये ठेवून ईओएफशी (फाईल संपल्याची खूण) तुलना करणारा लूप इंटेलवर बरा चालतो आणि एआरएमवर थांबतच नाही. यादीत कॅर_अनसाईन्ड नावाचा सिम्बॉल दिसला, पुढे-मागे अंडरस्कोरसकट, की समजा हे प्रकरण तुमच्याकडे आहे.

गंमत म्हणून त्याच यादीत बघा, लिनक्स हा शब्द अंडरस्कोरशिवाय, साध्या स्मॉल अक्षरांत पण दिसेल, किंमत १. जीसीसीच्या नेहमीच्या ग्नू मोडमध्ये तो असतोच. मी एकदा बूल लिनक्स असं व्हेरिएबल ठेवलं होतं, विंडोजवर झकास कंपाईल झालं, सर्व्हरवर एरर आली की न्यूमेरिक कॉन्स्टंटच्या आधी नाव हवं होतं. त्या ओळीत एकही आकडा नव्हता. अर्धा तास मी त्या ओळीकडे नुसता बघत बसलो होतो, मग कळलं की प्रीप्रोसेसरने माझ्या व्हेरिएबलचं नावच १ करून टाकलंय.

आता हीच गोष्ट लॅपटॉपवर विंडोजच्या कंपायलरला विचारली तर तिथे लिनक्सचा पत्ता नसतो, विन३२ असतो (पुढे एक अंडरस्कोर, आणि हो, ६४ बिट विंडोजवर पण विन३२च, नावावर जाऊ नका). म्हणजे एडिटर लॅपटॉपच्या कंपायलरवर विसंबून असेल तर प्लॅटफॉर्मवरचा प्रत्येक #इफडेफ तो बरोब्बर उलटा दाखवणार. त्या पोराचं तेच झालं होतं.

पायरी २: सिम्बॉल बिल्डच्या फाईलमध्ये ठेवा, एडिटरमध्ये नाही

नवीन लोक इथेच चुकतात. एडिटरच्या सेटिंगमध्ये डिफाईन्स असा एक रकाना असतो, तिथे सिम्बॉल टाकला की ग्रे कोड उजळतो, वाटतं झालं काम. पण तो रकाना फक्त एडिटरच्या समजुतीसाठी आहे, कंपायलरपर्यंत त्यातलं अक्षरही जात नाही. मग इकडे कोड उजळलेला, तिकडे बायनरीत (बनलेल्या प्रोग्रॅममध्ये) तो भागच नाही, आणि लॉग का येत नाही म्हणून आपण दोन तास शोधतोय. त्यामुळे सिम्बॉलचं घर एकच, मेकफाईल किंवा सीमेक, म्हणजे बिल्ड कशी करायची ते जिथे लिहिलेलं असतं तिथे. एडिटरने तिथून वाचायचं.

मेकफाईल असेल तर सीपीपीफ्लॅग्ज या व्हेरिएबलमध्ये +=ने -डी मीटर_लॉग टाका. यातलं सीपीपी म्हणजे सी प्लस प्लस नाही, सी प्रीप्रोसेसर! बरेच जण सीफ्लॅग्जमध्ये टाकतात, तो फक्त सी फाईलींना लागतो, सी प्लस प्लसच्या फाईली त्याच्याशिवाय जातात. सीपीपीफ्लॅग्ज दोघांना लागतो, म्हणजे मेकचे आपोआपचे नियम वापरत असाल तर, स्वतः नियम लिहिले असतील तर तो तिथे घातलाय का तेवढं बघा. आणि टर्मिनलवरून मेक सीपीपीफ्लॅग्ज=काहीतरी असं दिलंत तर फाईलमधली += ची ओळ गप पडते, टर्मिनलवरचं जिंकतं, म्हणजे एक सिम्बॉल वाढवायला गेलात आणि बाकीचे सगळे उडाले.

मेकचं याहून मोठं दुखणं म्हणजे तो फक्त फाईलींची वेळ बघतो, फ्लॅग बदलले हे त्याला कळत नाही. तुम्ही मेकफाईलमध्ये सिम्बॉल बदलला, मेक चालवलं, तो म्हणतो सगळं अपटुडेट आहे. किंवा त्याहून वाईट, ज्या दोन फाईलींना तुम्ही नंतर हात लावला तेवढ्याच नव्या सिम्बॉलने कंपाईल होतात आणि बाकीच्या जुन्याच राहतात. माझ्यावर हे गुदरलंय. एका स्ट्रक्टमध्ये #इफडेफ मीटर_लॉगच्या आत एक जास्तीचा इंट होता, रीडिंगच्या आधी. अर्ध्या ऑब्जेक्ट फाईलींच्या (कंपाईल झालेल्या तुकड्यांच्या) मते स्ट्रक्ट २४ बाईटचं, अर्ध्यांच्या मते ३२. एका बाजूने रीडिंग लिहिलं जातंय, दुसरी बाजू ते भलत्याच जागेवरून वाचतेय. कंपायलर गप्प, लिंकर गप्प, स्क्रीनवर मात्र युनिटच्या जागी अचाट आकडे. दोन संध्याकाळी गेल्या त्यात, तिसऱ्या दिवशी मेक क्लीन केलं (जुन्या ऑब्जेक्ट फाईली उडवल्या), पुन्हा बिल्ड केली आणि सगळं सरळ झालं. तेव्हापासून सिम्बॉल बदलला की हात आपोआप मेक क्लीनकडे जातो.

सीमेक असेल तर हा त्रास कमी, फ्लॅग बदलले की त्याने बनवलेल्या बिल्ड फाईली पुन्हा कंपाईल करतात. तिथे टार्गेट_कंपाईल_डेफिनिशन्स ही कमांड वापरायची, आधी टार्गेटचं नाव, मग प्रायव्हेट किंवा पब्लिक, मग सिम्बॉल, -डी लावायची गरज नाही. प्रायव्हेट की पब्लिक? तो सिम्बॉल फक्त तुमच्या सीपीपी फाईलींत वापरलाय तर प्रायव्हेट. पण तुमच्या लायब्ररीच्या हेडरमध्ये त्याचा #इफडेफ असेल तर पब्लिकच हवा, नाहीतर लायब्ररी एका समजुतीने बनते आणि वापरणारा दुसऱ्या, म्हणजे वरचीच स्ट्रक्टची गोष्ट परत.

सीमेकमधला नवशिक्यांचा सगळ्यात मोठा सापळा मात्र वेगळाच आहे. टर्मिनलवर सीमेक -डी मीटर_लॉग=ऑन असं लिहिता येतं, आणि दिसायला ते हुबेहूब कंपायलरच्या -डीसारखं, पण ते नाहीये! ते सीमेकचं स्वतःचं व्हेरिएबल सेट करतं, कंपायलरला त्यातलं काहीच कळवत नाही. तुमच्या सीमेकलिस्ट्स फाईलमध्ये ऑप्शन मीटर_लॉग अशी ओळ, आणि खाली इफ मीटर_लॉग, तर टार्गेट_कंपाईल_डेफिनिशन्स, असं जोडून दिलंत तरच ते पुढे पोचतं. शिवाय एकदा ऑन केलेलं बिल्ड फोल्डरमधल्या सीमेककॅश फाईलमध्ये लिहून राहतं, पुढच्या वेळी -डी दिलं नाही म्हणून बंद होत नाही, मुद्दाम =ऑफ द्यावं लागतं. एकाने आमच्याकडे महिनाभर डीबग लॉग चालू असलेली बायनरी वापरली, त्याच्या मते त्याने तो पर्याय फक्त एकदाच दिला होता. बरोबरच होतं त्याचं.

आणि सीमेकचा बिल्ड टाईप रिलीज किंवा रेलविथडेबइन्फो ठेवलात तर एनडीबग हा सिम्बॉल आपोआप लागतो आणि सगळे असर्ट (कोडमध्ये लिहिलेल्या तपासण्या) उडतात. असर्टच्या कंसात कोणी फंक्शन कॉल लिहिला असेल तर तो कॉलच होत नाही. डीबगमध्ये चालतं रिलीजमध्ये नाही, अशी तक्रार आली की मी आधी तिथे बघतो.

सिम्बॉल फाईलीच्या डोक्यावर #डिफाईनने का लिहायचा नाही, त्याचंही एक चांगलं उदाहरण आहे. ३२ बिट लिनक्सवर, म्हणजे जुनी रास्पबेरी पाय वगैरे, टाईम_टी हा वेळ ठेवणारा टाईप सहसा ३२ बिटचा, तो भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर उलटा फिरतो. जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ पासून टाईम_बिट्स=६४ हा सिम्बॉल दिला (पुढे अंडरस्कोर) की तो ६४ बिटचा होतो, पण सोबत फाईल_ऑफसेट_बिट्स=६४ (यालाही पुढे अंडरस्कोर) पण द्यावाच लागतो, आणि दोन्ही पहिल्या सिस्टिम हेडरच्या आधी डिफाईन असायला हवेत, आणि तेही प्रत्येक फाईलीत सारखे. हाताने हे कोण सांभाळणार? बिल्डच्या कमांडमध्ये एकदा दिलं की विषय संपला.

पायरी ३: आता एडिटरला शिकवा

व्हीएस कोडमध्ये रिमोट एसएसएच एक्स्टेन्शन टाका, सर्व्हरला कनेक्ट करा, फोल्डर सर्व्हरवरचं उघडा. खाली डाव्या कोपऱ्यात एसएसएच आणि सर्व्हरचं नाव दिसतंय ना बघा, ते नसेल तर तुम्ही अजून लॅपटॉपवरच आहात. मग सी प्लस प्लसचं एक्स्टेन्शन. ते लॅपटॉपवर आधीच असलं तरी सर्व्हरच्या बाजूला वेगळं टाकावं लागतं, एक्स्टेन्शनच्या यादीत इन्स्टॉल इन एसएसएच असं बटण येतं. बरेच जण हेच विसरतात.

मग सीमेकला सांगा की एक्स्पोर्ट_कंपाईल_कमांड्स ऑन कर (पुढे सीमेक_ लावून). बिल्ड फोल्डरमध्ये कंपाईल_कमांड्स नावाची जेसन फाईल तयार होते, त्यात प्रत्येक सोर्स फाईल नेमक्या कुठल्या कमांडने, कुठल्या -डी सकट कंपाईल होते ते लिहिलेलं असतं. हे फक्त मेकफाईल आणि निंजा (मेकसारखंच दुसरं बिल्डचं टूल) प्रकारात चालतं, सर्व्हरवर बहुतेक तेच असतं त्यामुळे अडत नाही. साधी मेकफाईल असेल तर बेअर नावाचं छोटं टूल सर्व्हरवर टाका, मेक क्लीन करा, मग बेअर, दोन मायनस, मेक. तो मेककडे बघत बसतो आणि तीच फाईल लिहून देतो. क्लीन आधी करा, नाहीतर मेक काही कंपाईलच करणार नाही आणि फाईल रिकामी.

आता कमांड पॅलेट उघडून सी प्लस प्लस एडिट कॉन्फिगरेशन्स निवडा. तिथे कंपायलर पाथमध्ये सर्व्हरवरच्या जीसीसीचा पूर्ण पत्ता, इंटेलिसेन्स मोडमध्ये लिनक्स-जीसीसी आणि मशीनचा प्रकार, आणि खाली ॲडव्हान्स्डमध्ये कंपाईल कमांड्सच्या रकान्यात त्या जेसन फाईलचा पत्ता. डिफाईन्सचा रकाना रिकामाच ठेवा. त्यात काही टाकायचा मोह होईल, टाकू नका, वर सांगितलंय का ते.

तरी ग्रे जात नसेल तर फाईल उघडी ठेवून पॅलेटमधून सी प्लस प्लस लॉग डायग्नॉस्टिक्स चालवा. या फाईलीसाठी एडिटर कुठले डिफाईन धरतोय, कुठला कंपायलर धरतोय, सगळं छापून देतो. अंदाज लावत सेटिंगं बदलत बसण्यापेक्षा हे दहा सेकंदांचं काम आहे, आणि गंमत म्हणजे कोणालाच माहीत नसतं.

क्लँगडी (एडिटरला कोड समजावणारं दुसरं टूल) वापरणारे असाल तर तो तीच जेसन फाईल वरच्या फोल्डरांत आणि त्यांच्या बिल्ड फोल्डरमध्ये आपणहून शोधतो. क्रॉस कंपायलर (दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बनवणारा) असेल तर क्वेरी-ड्रायव्हर हा पर्याय देऊन त्या कंपायलरचा पत्ता द्यावा लागतो.

व्हिज्युअल स्टुडिओमधून लिनक्सचा रिमोट प्रोजेक्ट करणाऱ्यांनी प्रोजेक्ट प्रॉपर्टीज, सी/सी++, प्रीप्रोसेसर, तिथे प्रीप्रोसेसर डेफिनिशन्स बघायचं, आणि हा रकाना मात्र खरा आहे, तो बिल्डला पण जातो. फक्त वर कॉन्फिगरेशन आणि प्लॅटफॉर्म कुठला निवडलाय ते बघा, डीबगमध्ये टाकून रिलीज बिल्ड करणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. एक्लिप्सवाले प्रॉपर्टीजमध्ये प्रीप्रोसेसर इन्क्लूड पाथ्स, मॅक्रोज वगैरे अशा लांबलचक नावाचं पान उघडा, त्यात प्रोव्हायडर्स टॅबमध्ये बिल्ट-इन कंपायलर सेटिंग्ज असतं, त्यातली कमांड लॅपटॉपवरचा जीसीसी चालवतेय का ते तपासा. लॅपटॉपचा चालत असेल तर यादी लॅपटॉपचीच येणार.

पायरी ४: दूर असल्यामुळेच होणारे घोळ

अवतरणचिन्हं. सिम्बॉलची किंमत आकडा असेल तोवर सुखी असता, स्ट्रिंग द्यायची वेळ आली की रडकुंडी. -डी व्हर्जन="२.१" असं लिहिलं की शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्रॅम) ती चिन्हं स्वतः खातो, कंपायलरला नुसतं २.१ मिळतं. मग बॅकस्लॅश लावा. आता तीच कमांड लॅपटॉपवरून एसएसएचच्या मागे लिहून पाठवली तर दोन शेल मध्ये येतात, इकडचा एकदा सोलतो आणि तिकडचा पुन्हा एकदा, कांद्यासारखं. किती बॅकस्लॅश लावले ते मोजत बसायचं काम माणसाचं नाही. स्ट्रिंग असेल तर -डी सोडून द्या, सीमेकच्या कॉन्फिगर_फाईलने एक छोटी हेडर फाईल बनवून घ्या आणि ती इन्क्लूड करा.

दुसरं, बॅशआरसी, म्हणजे शेल सुरू होताना वाचतो ती फाईल. सर्व्हरवर लॉगिन करून मेक केलं तर सिम्बॉल लागतो, आणि लॅपटॉपवरून एसएसएच सर्व्हर मेक असं एका ओळीत केलं तर लागत नाही. कारण सीपीपीफ्लॅग्जची एक्स्पोर्टची ओळ बॅशआरसीमध्ये ठेवलेली असते, आणि उबुंटू-डेबियनच्या बॅशआरसीत सुरुवातीलाच एक तपासणी असते की हे इंटरॲक्टिव्ह नसेल तर इथूनच परत जा. एकाच सर्व्हरवर, एकाच युजरने, दोन वेगळ्या बायनरी. यावर इलाज तोच, सिम्बॉल एन्व्हायरन्मेंटमध्ये ठेवू नका, बिल्डच्या फाईलीत ठेवा.

तिसरं वेळेचं. डेट आणि टाईम हे प्रीप्रोसेसरचे स्वतःचे सिम्बॉल आहेत, बिल्ड कधी झाली ते बायनरीत छापायला लोक वापरतात. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर असतो, त्यामुळे सकाळी दहाला केलेली बिल्ड पहाटे साडेचारची दिसते. टेस्टिंगवाली ताई फोन करून म्हणाली की तुम्ही मला जुनीच बिल्ड दिलीत, आणि मी सर्व्हरवर तीच तीच फाईल पुन्हा कॉपी करतोय! साडेपाच तासांचा फरक दिसला की समजून जा. त्यापेक्षा गिटचा कमिट नंबर छापा.

चौथं जरा गंभीर आहे. पासवर्ड, एपीआय की असलं काही -डीमधून देऊ नका. सर्व्हर बऱ्याचदा चार जणांत वाटलेला असतो, कंपाईल चालू असताना दुसऱ्याने पीएस (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) मारलं की तुमची पूर्ण कमांड त्याला दिसू शकते. वर ती कंपाईल_कमांड्सच्या जेसनमध्ये उघडी लिहिलेली राहते, आणि स्ट्रिंग्ज ही साधी कमांड बायनरीवर चालवली की तिथूनही निघते. असल्या गोष्टी प्रोग्रॅम चालताना वाचायच्या.

कॉलेजच्या क्लस्टरवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच, मॉड्यूल लोड केलं की जीसीसी बदलतो, म्हणजे पायरी १ ची यादी पण बदलते, ती मॉड्यूल लोड केल्यावर पुन्हा काढा. आणि -मार्च=नेटिव्ह लावलंत तर लॉगिन नोडच्या प्रोसेसरप्रमाणे एव्हीएक्सचे (प्रोसेसरच्या खास इन्स्ट्रक्शनचे) सिम्बॉल डिफाईन होतात, कंप्युट नोडवर तो प्रोसेसर नसेल तर प्रोग्रॅम इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून मरतो.

पायरी ५: खरंच लागलाय का ते बघा

एडिटरमध्ये उजळलं म्हणजे लागलं असं नाही, हे एव्हाना कळलं असेल. मेकला -एन (स्मॉल) दिलं की तो काही न करता जी कमांड चालवणार ती छापतो, सीमेकच्या मेकफाईलीत व्हर्बोज=१ द्या, निंजाला -व्ही (स्मॉल). त्या ओळीत तुमचा -डी डोळ्यांनी बघा. तो दिसला तरी कोड गायब असेल तर तीच ओळ कॉपी करा, -सी (स्मॉल) काढून -ई (कॅपिटल) घाला, आणि मागच्या -ओ (स्मॉल) पुढे ऑब्जेक्ट फाईलच्या जागी दुसऱ्याच एखाद्या तात्पुरत्या फाईलचं नाव द्या, नाहीतर ऑब्जेक्ट फाईलीवरच लिहिलं जाईल. प्रीप्रोसेसरने शेवटी कंपायलरच्या हातात काय ठेवलं ते जसंच्या तसं त्या फाईलीत मिळतं. हजारो ओळी असतात पण तुमचा कोड अगदी तळाला असतो, शेवटून वाचा.

आणि ज्या सिम्बॉलशिवाय चालणारच नाही, त्याच्यासाठी कोडमध्येच पहारा बसवा. #इफ नॉट डिफाईन्ड, खाली #एरर आणि एक धड वाक्य, की अमुक सिम्बॉल नाही, सीमेकमध्ये तमुक ऑप्शन द्या. सहा महिन्यांनी येणारा माणूस तुम्हाला दुवा देईल. डीबगरमधून बघायचं असेल तर -जी३ लावून बिल्ड करा, मग जीडीबीत इन्फो मॅक्रो आणि सिम्बॉलचं नाव दिलं की किंमत आणि तो कुठे डिफाईन झाला ते दोन्ही सांगतो, साध्या -जीने हे मिळत नाही.

त्या पोराच्या चाळीस ओळी गिटमधून परत आणल्या, जेसन फाईल जोडली, ब्लॉक उजळला. मग मी त्याला म्हटलं आता सिम्बॉल बंद करून सर्व्हरवर एकदा बिल्ड कर बरं. फुटली. #एल्सच्या भागात एक फंक्शन जुन्याच नावाने बोलावलेलं होतं, नाव बदलून सहा महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात त्या सिम्बॉलशिवाय एकदाही कोणी बिल्ड केली नव्हती, त्यामुळे कंपायलरने तो भाग वाचलाच नव्हता. आता रात्रीच्या बिल्डमध्ये दोन फोल्डर असतात, एक ऑनचं, एक ऑफचं, आणि ती स्क्रिप्ट त्यानेच लिहिलीये.